आमचं 'ते' आणि पुण्याची 'ती'

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. ९ फेब्रुवारी १९७६

ती. सौ. आक्कास,

तुझ्या धाकट्या विजयमालाचा जयजिनेंद्र आणि पायांवर डोकं. (डोकं हल्ली फारसं कामाचं राहिलेलं नाही, तरी रीत म्हणून ठेवते.) आम्ही सगळे इथं खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. दाजींचा गुडघा कसा आहे? आजऱ्यात कुणी काजूच्या टरफलाचं तेल चोळायला सांगितलं तर ऐकू नका. कातडी जाईल आणि दुखणं तेवढं राहील. तुझं दम्याचं औषध चालू आहे ना? लिहीत नाहीस म्हणजे चालू नसणार.

ह्या पत्रात तुला जागोजाग खाडाखोड दिसेल. घाबरू नकोस, बातमी वाईट नाही, निदान ह्यांच्या मते नाही. खाडाखोड अशासाठी की हल्ली माझं प्रत्येक पत्र पेटीत पडण्याआधी हे तपासतात. मजकूर तपासतात असं नव्हे. बायकोनं बहिणीला लिहिलेल्या पत्रात मजकूर असतो ह्यावर ह्यांचा विश्वासच नाही. हे फक्त 'येतो, जातो, करतो' शोधतात आणि सापडलं की लाल पेन्सिलीनं खाली रेघ ओढतात. कचेरीत पंचवीस वर्षं लोकांच्या अर्जांवर रेघा ओढून हात तयार झालेला. तेव्हा ह्यांच्याविषयी मी इथं काहीही लिहिलं तरी चालतं, फक्त ते 'लिहिते' असं लिहायचं.

तर झालं असं. आपल्या पदूसाठी पुण्याचं स्थळ आलं. आपल्यातलेच, दोन पिढ्या पुण्यात राहिलेले. मुलगा कारखान्यात इंजिनियर, आई-वडील नाहीत, सगळा कारभार आत्याचा. ह्या आत्याबाई पुण्यात कसल्याशा महिला मंडळाच्या चिटणीस आहेत. त्यांनी पत्रात हुंडा विचारला नाही, रंग विचारला नाही, पदूला बी.एस्सी.ला फर्स्टक्लास मिळाला त्याचं तर नावच नाही. एवढंच विचारलं, की मुलगी शुद्ध बोलते ना? तुमच्या भागात बायका स्वतःविषयी पुरुषांसारखं बोलतात असं ऐकून आहोत, ते आमच्याकडे चालणार नाही.

आता तूच सांग, ह्याला काय उत्तर द्यायचं? आपली आई जन्मभर 'मी आलो, मी गेलो' म्हणाली, आपली आजी म्हणाली, तू म्हणतेस, मी म्हणते. (बघ, इथं पहिली खाडाखोड.) म्हणून आपल्यापैकी कुणाला मिशा फुटल्या नाहीत. आणि लेकीला तर आपण त्याच्याही पलीकडचं म्हणतो. 'आमचं पदू कॉलेजला गेलंय', 'ते जेवलं का', 'ते झोपलंय, दार वाजवू नका.' एकवीस वर्षं ती पोर ह्या घरात 'ते' आहे. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ह्यांनीच तर म्हटलं होतं, 'लई गोड हाय की गं ते!' डोळ्यांत पाणी होतं ह्यांच्या. ते पाणी पुण्याच्या एका पत्रानं आटलं.

बाहेर सरकारनं आणीबाणी लावलेलीच आहे, ह्यांनी ती घरात आणली. स्वयंपाकघरात चुलीसमोर पाटी टांगली. वर 'येतो, जातो' लिहून फुली मारली, खाली 'येते, जाते' लिहून भोवती चौकट. पदूला 'ते' म्हणायचं नाही, 'ती' म्हणायचं. जो चुकेल त्याचा दुपारचा चहा बंद. पहिल्याच आठवड्यात मी सहा दिवस बिनचहाची बसले. सातव्या दिवशी मिळाला, कारण त्या दिवशी माझा घसा बसला होता.

माई म्हणजे आमच्या सासूबाई, त्यांनी तर पाटीकडं पाठच फिरवली. म्हणाल्या, 'पंचावन्न वर्सं झाली ह्या घरात आलो त्येला. आता मराय टेकल्यावर आले म्हणू व्हय? यम वळखायचा न्हाय मला.' त्यांचा चहा बंद करायची ह्यांची छाती झाली नाही. नियम सगळ्यांना सारखा असं हे म्हणतात, पण आई ह्या सगळ्यांत येत नाही. मी येते.

आणि पदू. आक्का, तुला आमचं घर ठाऊक आहे. पदू हसली की कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जायचं. संध्याकाळी गल्लीतली पोरं पायरीवर गोळा करून लिंबू आणि खायच्या सोड्याचे प्रयोग दाखवायची. 'सरका मागं, मी आता स्फोट करतो बघा!' असं ओरडायची, आणि बाटलीचं बूच उडून थेट माईंच्या जपात. वक्तृत्वाची दोन बक्षिसं अजून कपाटावर आहेत. ती पोर पाटी लागल्यापासून बोलता बोलता अडायला लागली. 'मी जा-' म्हणायची आणि पाटीकडं बघायची. एकदा मला म्हणाली, 'आई, मी बोलू कसं? तोंड उघडायच्या आधी मला बघाय लागतंय, मी कोण हाय ते.' मी तेव्हा तिची वेणी घालत होते. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, 'बघाय लागतंय नव्हे, बघावं लागतं.'

ह्यांची चूक म्हणून मघापासून मी तुला सांगते आहे खरी. पण रोज सकाळी ती पाटी ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा स्वच्छ अक्षरात कोण लिहीत होतं? ह्यांचं अक्षर चांगलं नाही. माझं चांगलं आहे. हे मी कुणाला बोलले नाही, तुला लिहिते.

मंडळी पंचवीस तारखेला रविवारी चार वाजता येणार होती. साताऱ्याला कंदी पेढे घ्यायला थांबली ती सात वाजता उगवली. दिवस केव्हाच मावळला होता. पाहुण्यांआधी जेवायचं कसं म्हणून आम्ही सगळे उपाशी, आणि दिवस मावळल्यावर आमच्यात कुणी घास घेत नाही म्हणून रात्रभर उपाशी. पाहुणे मात्र विजेच्या दिव्याखाली पोळ्या मोजायच्या सोडून जेवले. आपल्यातलेच हं! पण पुण्यात सूर्य उशिरा मावळत असावा. सांगायचं एवढंच, की जिभेवरचं व्याकरण शुद्ध पाहिजे, जिभेवर काय पडतं त्याला वेळकाळ नाही. (माईंनी हे मोठ्यानं म्हणायला तोंड उघडलं होतं, मी त्यांच्या हातात माळ दिली.)

जेवणं आटोपली तशी आमची तानाबाई भांडी घासून पदराला हात पुसत बाहेर आली. तिला मी चार दिवस पढवलं होतं, की तू काही बोलू नकोस. पण पदूला तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं, राहवलं नाही. म्हणाली, 'आमचं पदू लई गुणाचं हाय बघा, पावणं. ते कवा कुणाला उलटून बोलायचं न्हाय. मी निघालो, वैनी.' आणि गेली. हे खुर्चीत असे आक्रसले की नुसतं धोतर दिसत होतं.

आत्याबाईंनी चष्मा काढला. 'ते? मुलीला ते म्हणता तुम्ही? मुलगी म्हणजे काय टेबल आहे?' मग त्यांनी आम्हाला अर्धा तास व्याख्यान दिलं. स्त्रीला 'ते' म्हणणं हा तिचा अपमान आहे, तिचं माणूसपण काढून घेणं आहे. स्त्रीनं 'मी करते' असं मान वर करून म्हणावं, पुरुषाची क्रियापदं उसनी घेऊ नयेत. त्यांच्या मंडळात ह्यावर ठराव झाला आहे. बोलतात छान. आणि सगळंच चूक बोलल्या असंही मी म्हणणार नाही, लाडानं 'ते' म्हणून वाढवलेल्या पोरीला आपण तरी शेवटी सतरंजीवर बसवून दाखवतोच. पण व्याख्यान संपल्यावर पाणी पिऊन त्याच पदूला म्हणाल्या, 'जरा त्या भिंतीपर्यंत चालून दाखव. आणि लग्नानंतर नोकरीचा विचार नाही ना? आमच्याकडे गरज नाही.' म्हणजे 'मी करते' म्हणायचं मान वर करून, फक्त करायचं काही नाही.

मला त्यांना सांगायचं होतं, की बाई, आमचं 'ते' म्हणजे टेबल नव्हे. देवळातून आल्यावर हातावर ठेवतात त्या खडीसाखरेसारखं आहे ते, पोर कितीही मोठी झाली तरी तिच्यासाठी राखून ठेवलेलं. तुमच्या 'ती'त ती उद्या परकी होणार आहे. पण ते वाक्य माझ्या तोंडात 'मी सांगतो' असंच सुरू व्हायला लागलं, म्हणून गिळलं. उपाशी पोटी तेवढंच पोटात गेलं.

पदूनं त्या संध्याकाळी जे केलं ते फक्त मला कळलं. तिनं एकही वाक्य असं केलं नाही ज्यात ती स्वतः होती. काय शिकलीस? 'बी.एस्सी. झालं.' स्वयंपाक येतो? 'आईनं शिकवलाय.' आवड कशाची? 'वाचन.' गाता येतं? मान हलवली. दोन तास, आक्का, स्वतःला वगळून बोलली ती. चूक एक नाही. हे मला कोपरानं ढोसून म्हणाले, 'बघ, पाटीचा गुण.'

बुधवारी होकार आला. 'मुलगी मितभाषी, सोज्वळ व सुसंस्कृत आहे. अशीच हवी होती.' ह्यांनी शेजारीपाजारी पेढे वाटले आणि पाटी काढून माळ्यावर ठेवली. काम झालं ना! म्हणाले, 'आता बोला काय बोलायचं ते.'

पण पदू बोलत नाही. त्या बुधवारपासून आज बारा दिवस झाले. जेवायला बोलावलं की येते, मान हलवते, काम करते, वेणी घालून घेते. बोलत नाही. पायरीवर पोरं येऊन बसतात आणि उठून जातात. माईंनी विचारलं, हात जोडून विचारलं, तर त्यांचे पाय चेपत बसली. ह्यांचं म्हणणं, नवरी मुलगी लाजतेच. लाजणारी माणसं मी पाहिली आहेत आक्का. मीही लाजले होते, पण लाजून मी दिवसाला शंभर शब्द बोलत होते.

असो. लिहिण्याचं कारण, साखरपुडा सात मार्चला रविवारी ठरला आहे. तू आणि दाजींनी चार दिवस आधी यावं. येताना फोडलेले पांढरे काजू दोन शेर आणावेत. आणि हे म्हणतात (मी म्हणत नाही, नुसतं लिहिते), की पुण्याची मंडळी असतील तोवर तू शुद्ध बोलावंस, ते जमत नसेल तर दम्याचं निमित्त करून गप्प बसावंस. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
विजू

ता. क. ह्यांनी पत्र तपासलं. सातही पानं. लाल रेघा पडल्या त्या दुसऱ्यांच्या बोलण्याखालीच. त्यातलं एक वाक्य माईंचं आहे असं सांगितल्यावर म्हणाले, मग राहू दे. पत्र झकास झालंय म्हणाले. आता डिंक लावते.

ता. क. दुसरा. आक्का, काल डिंक लावला न्हाई. हे आपिसात गेल्यात आन् हे आता मी लिवतो. तुमच्या हायस्कुलात सायन्सच्या मास्तरणीची जागा रिकामी हाय म्हणालतीस दिवाळीला. अजून हाय न्हवं? हेडमास्तरला दाजींनी आजच गाठायचं. जागा नसली तरी पदू तुझ्याकडं ऱ्हाईल, त्याला काजू सोलाय बसीव, पण तिथं ठेव. सात मार्चचं काय ते मी बघतो. आत्याबाईला कागूद मीच घालणार हाय, आन् तो कुणी तपासायचा न्हाई.

गुरवारच्या सकाळच्या यस्टीनं येतो. ह्यांच्यासाठी माळ्यावरनं पाटी काढून पुसून ठेवलीया. जाताना तिच्यावर 'आम्ही आजऱ्याला गेलो' एवढं लिवून चुलीपुढं टांगतो. लाल रेघ वडूंद्यात खुशाल.

काल सांच्याला वेणी घालताना हळूच इचारलं, 'पदू, मावशीकडं जायाचं का, कायमचं?' म्या वेणी पुरी केली, रिबीन बांदली. मग त्यानं मान न वळवता तोंड उघडलं, बारा दिसांनी. म्हणालं, 'मी येतो की, आई.'