इंडक्शनला किती मार्क

२४ सप्टें., बुध.
मेघाचा पुण्याहून फोन. डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. म्हणजे पोरीचं पहिलं बाळंतपण इथं सेलूला माहेरी होत नाही, तिच्या आईलाच जावं लागणार. दीड-दोन महिने तरी. सुलोचना आधी हरखली, मग माझ्याकडं बघून म्हणली, तुमचं कसं? मला साधा चहा येत नाही. मागं गॅसवर दूध ठेवून पेपरात गुंगलो, पातेल्याचा कोळसा झाला, तेव्हापासून गॅसला हात लावायची बंदी. खानावळीच्या डब्याचं तिखट पोटाला सोसत नाही.

२६ सप्टें., शुक्र.
जावयानं इंडक्शन शेगडी पाठवली. विसरलं तरी आपोआप बंद होते म्हणे. जन्मभर पोरांचे पेपर तपासले, आता यंत्रांचे तपासतो.
टीव्हीचा रिमोट: काठावर पास. एवढी बटणं, लागतात तीन.
वॉशिंग मशीन: पास. गोल खटका आहे, फिरवला की कट्ट होतं, हाताला कळतं.
इंडक्शन: नापास. बटणच नाही, नुसती काळी काच. अक्षरं मुंगीएवढी. बोट टेकवलं ते लागलं का नाही, कळायला मार्ग नाही. कोणत्या शहाण्यानं केली कोण जाणे. एखाद्या म्हाताऱ्याला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

२९ सप्टें., सोम.
आजही शेगडीचं नुसतं टीं टीं, चालू होईना. सुलोचना दूध, पत्ती, साखर ओट्यावर काढून ठेवते न् स्टुलावर बसून बघते. जर्मलचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं भगुनं चालत नाही, हे आज समजलं. स्टीलचं ठेवलं न् सुरू झाली की! चहा झाला. म्हणली, लय भारी झालाय. खोटं बोलायली होती, नीट उकळलाच नव्हता. तरी शेगडीचे पाच मार्क वाढवले. तिचं रविवारचं पुण्याचं तिकीट काढलं.

२ ऑक्टो., दसरा
सकाळी तिनं मिक्सर, मशीन, शेगडी, सगळ्यांची पूजा केली. दिवस मावळताना शेवटची परीक्षा म्हणून चहा ठेवला. नुसतं टीं टीं. बोट पुसलं, भगुनं बदललं. काही नाही. ती उठली, बॅगेतल्या साड्या परत कपाटात ठेवू लागली.
"राहू द्या. मी न्हाई जात. तुमाला उपाशी ठेवून माझं तिथं मन लागंल का?"
लय लाज वाटली. मेघाला आता कोणत्या तोंडानं...

३ ऑक्टो., शुक्र.
सकाळी शेगडीवर ऊन आलं तेव्हा उमगलं. चालू करायच्या खुणेवरच तिनं कालवलेल्या कुंकवाचं जाड बोट ओढलेलं. काल मला ते दिसलं होतं, पण पूजेचं म्हणून त्याच्या कडेकडेनं दाबत बसलो. पुसायला हात होईना. तिनं माझ्यासाठीच हात जोडले असतील.
तिला बोलावलं. म्हटलं, "नेमकं शेगडीच्या तोंडालाच लावलंस. बोलंल कशी?"
हसली. ओल्या फडक्यानं पुसलं, बोटाला राहिलेलं माझ्या कपाळाला लावलं. शेगडी पहिल्या झटक्यात चालू. साड्या पुन्हा बॅगेत. मार्क द्यायचे राहिले.

५ ऑक्टो., रवि.
रेल्वेत बसवून आलो. खिडकीतून सूचना चालूच. निजताना शेगडीचा प्लग काढा, ओल्या हातानं... आणखी काहीतरी ओट्याकडचं सांगत होती, तेवढ्यात गाडी हलली. ऐकू आलं नाही. मान हलवली.

६ ऑक्टो., सोम.
सकाळी शेगडी लगेच चालू. उकळी मस्त. शेगडी पास, पहिल्या श्रेणीत.
तिचा फोन आला. चहा जमला का? म्हटलं, झकास. मागं मेघा कण्हत होती. साखरेचा डबा कुठाय, हे अगदी ओठावर आलं होतं. विचारलं असतं तर तिचा अर्धा जीव इकडंच राहिला असता.
बिनसाखरेचा प्यालो. सगळे डबे एकसारखेच. उद्या वरची फळी बघावी.