न हालवलेली बाटली

२१ नोव्हें. ८३, सोम.
रेगेबाई आठवडाभरासाठी गोव्याला गेल्या. बांद्यापर्यंत एस.टी., पुढे त्यांचं नशीब. जाताना कोठीच्या खोलीची किल्ली आणि एक वही माझ्या हाती दिली. भाडेकरूने घरमालकाला कामाला लावल्याचा मालवणातला पहिलाच प्रसंग असावा.
खोलीला खिडकी नाही. दाराच्या फटी काळ्या कापडाने बुजवलेल्या. आत फळीवर एक बाटली. शिळ्या माकूल मासळीच्या अंगावरचे जीवाणू खाऱ्या पाण्यात वाढवलेत, ते उजेड देतात. उजेड आपोआप कमी-जास्त होतो. तो कोणत्या लयीत होतो, हे बाईंचं संशोधन.
माझं काम: रोज तीनदा आत जाऊन दहा मिनिटं गप्प बसायचं. डोळे सरावले की बाटलीमागे टांगलेला पेपर वाचायचा. नुसती बाटली दिसली तर १, मथळा वाचता आला तर २, खालची बातमीही लागली तर ३. बातमी मीच पाठवलेली, तालुक्याचा वार्ताहर म्हणून. चला, दिवसातून तीनदा वाचणारा एक वाचक तरी मिळाला.
शेवटचा रकाना: हालवली / न हालवली. हालवलं की पाण्यात हवा मिसळून उजेड भडकतो, मग लयीचा पत्ता लागत नाही. "मास्तर, हात लावायचा नाही हं." वीस वर्षं वर्गात मी हेच सांगत आलो.

२२, मंगळ.
दु. १ (मधल्या सुट्टीत) — २. हिरवट निळा. बघता बघता १. पुन्हा २. कुणीतरी झोपेत श्वास घ्यावा तसं.
डोंगरावर धूर दिसला की अग्नीचं अनुमान करायला शिकलो. इथे अग्नी समोर आहे. धूर नाही, ऊब नाही. अनुमान कसलं करू?
कुमुद, आमची सौ., दाराबाहेरून: "दर्शन झालं असेल तर जेवायला या."

२३, बुध.
देवबागची मासेवाली शेवंता आली. टोपलीत मासे दुसऱ्यांकडून घेतलेले. तिचा घोव, म्हणजे नवरा, लवू गेल्या गुरुवारी एकटाच होडी घेऊन गेला, त्यात वारा सुटला. तो नाही, होडीची फळीही नाही.
कुमुदने बाटलीचा विषय काढला, बिचारीचं मन रमावं म्हणून. शे.ला बघायची होती. आत नेलं. मी थांबवायच्या आत तिने बाटली दोन्ही हातांनी उचलली आणि विचारलं, "लवू आसा काय नाय?"
उजेड भस्सकन वाढला.
मी म्हटलं, "घे, कौल दिलान!" देवाला तांदूळ लावून कौल घेणं आमच्याकडे रोजचं, त्याच सवयीने बोललो. थट्टेत.
ती हसली नाही. बाटलीच्या पाया पडली.
वहीत: ३. हालवली.

२५, शुक्र.
शे. कालही आली, आजही. आता उचलत नाही. समोर बसून विचारते आणि वाट बघते. काल आपसूक २ झालं. आज १वरून हलेना. काळोखात तिचं तोंड दिसत नव्हतं, फक्त बांगड्यांचा आवाज.
फळीचं टोक माझ्या कोपराशी होतं. ढकललं.
"आसा," म्हणाली आणि उठली.
वहीत: ३. न हालवली. रेगेबाईंना कारण काय सांगणार होतो?

२६, शनि.
लवूचा थोरला भाऊ दत्ताराम शाळेत आला. देह मिळाला नाही, म्हणून दर्भाचा पुतळा करून विधी उरकायचा आहे. भटजी सोमवारी दुपारी येणार. "मास्तरांनू, शेवंता तुमच्या बाटलेक इचारता आणि आमचा आयकना नाय. बांगड्येंका हात लावूक देना नाय. म्हातारी आवस जेवणा नाय. भावाक माज्या गती मिळाक व्हयी मां?"
"बघतो" म्हणालो. पुतळ्याचा विधी मला तोंडपाठ आहे. बाटलीचा कुठल्या पोथीत नाही.
कुमुद: "थट्टा तुम्ही केलीत. निस्तरा तुम्हीच."

२७, रवि.
निस्तरायचं ठरवून बसलो. "शेवंता, हे बघ..." एवढंच झालं. बाटली १वर, तेही जेमतेम. थकलीय बहुधा. कोपर गेलंच.
वि. सू.: ती गेल्यावरही उजेड वरखाली होत राहिला. माझ्याच श्वासाबरोबर होतोय की काय, म्हणून श्वास रोखला. उजेड थांबला नाही. श्वास मलाच घ्यावा लागला.

२८, सोम.
दुपारी शे. आली. टोपली नव्हती. बसली, पण विचारलं काहीच नाही.
"मास्तरांनू, तुमी फळी हालयतास. माका आवाज येता."
म्हटलं, "मग येतेस कशाला?"
"तो आसूचो असा तुमका तरी वाटता मां. घरात कोणाक वाटणा नाय." मग म्हणाली, "आज हात लावू नकात."
हात मांडीखाली घेतले. १. मग तेही नाही. पेपर गेला, बाटली गेली. बांगड्यासुद्धा गप्प.
मग बाटलीचा तळ दिसला. मग मान. मथळा. मग खालची माझी बातमी, अक्षर न् अक्षर. त्या उजेडात तिचं तोंड पहिल्यांदा दिसलं. ती बाटलीकडे बघत नव्हती. माझ्याकडे.
"हात खंय आसत?"
"मांडीखाली."
उठली, दार उघडलं. उन्हाने माझे डोळे दिपले. दिसायला लागलं तेव्हा अंगण रिकामं. घराकडे गेली की समुद्राकडे, ते कुमुदनेही पाहिलं नाही.
चार वाजता दत्ताराम. भटजी खोळंबलेत. "शेवंता खंय?"
माहीत नाही म्हणालो. तो गेल्यावर वही उघडली. २८, दु. १ — ३. न हालवली.
वर शुक्रवारी हेच लिहिलंय, कालही हेच. शाई तीच, अक्षर तेच. उद्या रेगेबाई येतील. आजचं तेवढं खरं, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?
पुन्हा आत जाऊन बसलो. अजून ३.