आईच्या खोलीत कॉर्क

९ नोव्हेंबर २००३, रवि.
टाइल्स आल्या. १३२ नग, ३०० × ३०० मिमी, जाडी ४. एकीचा कोपरा दबलेला, बाकी ठीक. खोके फोडून आईच्या खोलीत सुट्या ठेवल्या. तिथली हवा लागू दे.
अण्णांनी एक उचलून नखाने टोकरली. "हे बूच हाय."
हो म्हटलं.
"बाटलीचं बूच जमिनीला?"
कारखान्यात तपासणीच्या टेबलापाशी हेच अंथरलंय. आठ तास उभी राहते, टाचा दुखत नाहीत. गार पडत नाही. पाय घसरत नाही. घसरत नाही म्हटल्यावर अण्णांनी टाइल खाली ठेवली.
जुलैत आई याच खोलीत घसरली. खुबा मोडला. ऑपरेशननंतर येवल्याला मामाकडे आहे. तिथे वॉकर घेऊन चालते. फोनवर एकच: "त्या फरशीवर मी पाय ठेवणार नाय."
ती मोझेक फरशी अण्णांनी स्वतः बसवलेली. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, त्यातलं सगळ्यात चांगलं काम स्वतःच्या घरात. दर दिवाळीला पॉलिश. आरशासारखी.
१४ डिसेंबरला मामा तिला आणणार. भरवसा वाटला नाही तर त्याच गाडीने परत जाणार म्हणते. आई बोलते तसं करते.

१२ नोव्हें.
गुळगुळीत फरशीवर काही चिकटणार नाही. छिन्नीने टाचे मारून खडबडीत करायची, वर लेव्हलिंगच्या सिमेंटचा पातळ थर. त्यासाठी माणूस बघते म्हटलं, तर अण्णा: "माझी फरशी. टाचे मीच मारणार."
मी चारला घरी आले तेव्हा झालं होतं. खोलीभर, ओळीत, सारख्या अंतरावर. तोडफोडसुद्धा सरळ रेषेत. त्यांनी छिन्नी पुसून पिशवीत ठेवली.

१५ नोव्हें., शनि.
सुट्टी. लेव्हलिंग. पावडर आणि पाणी मी वजनाने मोजलं, थर अण्णांनी ओढला. पाण्याच्या नळीने लेव्हल बघितली. ३.६ मीटरमध्ये फरक १ मिमी.
"एक तरी कुठून आला?" दिवसभर अण्णांचा तोच विषय.
खोली काटकोनात नाही मात्र. २२ मिमी तिरकी. "भिंत मी बांधली, काटकोन तुझा तू काढ."
पिशवीवर लिहिलंय: ७ दिवस सुकू द्यावे.

२२ नोव्हें., शनि.
सात दिवस झाले. थर पांढरट, हाताला कोरडा. मधोमध दोन दोऱ्या मारल्या, गुण्या लावून काटकोन पक्का केला. गोंद टाइलला आणि थराला, दोन्हीकडे लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मग टाइल एकदाच ठेवायची. टेकली की हलवता येत नाही.
मधल्या सोळा बसवल्या. सांधे केसाएवढे. सुंदर दिसतात.

२४ नोव्हें.
सोळातल्या अकरा कडांना उचलल्या. खालचा गोंद ओला, साबणासारखा.

२५ नोव्हें.
ओल. प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून एक दिवस ठेवायचा, आतून थेंब आले की ओल आहे. हे मला माहीत होतं. केलं नाही. पिशवीवरचे दिवस मोजले, ओल मोजली नाही. कारखान्यात दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याचा माल परत पाठवला असता.
उरलेल्या पाचही खरवडून काढल्या. सोळाच्या सोळा वाया. मोकळ्या जागेत प्लास्टिक लावलं.

२६ नोव्हें.
थेंब. शेजारी बाथरूमची भिंत. पाइप झिरपत असणार. मुख्य कॉक बंद करून ठेवला, पाणी भरून घेतलं.

२७ नोव्हें.
थेंब तेवढेच. पाइप नाही. मग कुठून?

२८ नोव्हें., शुक्र.
कारखान्यात वीज गेली, साडेनवाला सोडलं. घरी आले तर अण्णा आईच्या खोलीत, एका हातात बादली, दुसऱ्यात मग. थरावर पाणी मारत होते.
"काय करताय?"
"तू पाणी मारायचं इसरली ना. रोज मीच मारतो. शनवार-रविवार तू असती, तुझं तू बघशील म्हटलं. सकाळी मारलं की तू येईस्तोवर पिऊन घेतो थर."
"हे सुकवायचं असतं, अण्णा."
"सिमेंट हाय ना? पाणी नाय मारलं तर राख होती त्याची. एकवीस दिवस मारायचं. तुझ्या बुचावर एक थेंब पडू दिला नाय मी."
यावर मी म्हणाले, "तुमच्या त्या कौतुकाच्या फरशीवरच आई पडली."
त्यांनी बादली खाली ठेवली. बाहेर गेले.
पिशवीवरच्या सूचना इंग्रजीत आहेत. मी वाचल्या. त्यांना सांगितल्या नाहीत. ही दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी. आणि ते वाक्य.

२९ नोव्हें.
सगळ्या सूचना मराठीत लिहून खोलीच्या दारावर चिकटवल्या. पहिली ओळ: पाणी मारू नये.
अण्णांनी चष्मा लावून उभ्याने शेवटपर्यंत वाचलं. "असं हाय होय."
चहा घेताना, माझ्याकडे न बघता: "यंदा दिवाळीला पॉलिश केलं नव्हतं मी. पाह्यलं का तू?"
पाहिलं नव्हतं.
कालचं बोलायला नको होतं, एवढं म्हटलं. ते म्हणाले, बिस्कीट घे.

३ डिसें.
खिडक्या उघड्या, पंखा चालू, दोन मोठे बल्ब. अण्णा दारात खुर्ची टाकून बसलेले असतात. फरशी पुसायला येणाऱ्या मावशींना पॅसेजच्या अलीकडेच थांबवलं. "ओलं फडकं घेऊन हिकडं यायचं नाय!" मावशी म्हणाल्या, "आत बाळंतीण ठेवलीय का काय?"
रोज अकराला त्यांचा कारखान्यात फोन. "थेंब बारीक झालेत." "आज कोपऱ्यात फकस्त." ऑपरेटरने विचारलं, मॅडम, घरी कोण ॲडमिट आहे?

६ डिसें., शनि.
प्लास्टिक दोन दिवस लावलेलं. अण्णांनी काढून उजेडात धरलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, माझ्याकडे दिलं. "पास."
सकाळी आठला सुरुवात. गोंद मी, दोरी ते. ६४ बसल्या.

७ डिसें., रवि.
पूर्ण. खोलीला १२० लागतात, माझ्याकडे ११६ उरल्या होत्या. आईच्या कपाटाखाली चारांऐवजी ४ मिमी प्लायवुड. कोणाला दिसणार नाही. मला माहीत आहे. भिंतीकडचे २२ मिमी शेवटच्या ओळीत तिरके कापून मुरवले. अण्णा तिथे बराच वेळ बसून होते. "भिंत सरळ वाटती आता," म्हणाले.

८ डिसें.
अण्णांनी तपासणी केली. त्यांची रीत: रुपयाचं नाणं फरशीवर वाजवायचं, आवाजावरून पोकळ जागा कळते. इथे नाणं वाजेचना. चिडले. "मुकी फरशी! पोकळ कसं वळखायचं?" मग अनवाणी झाले आणि टाच दाबत, डोळे मिटून, एकेका टाइलवरून चालले. खिडकीजवळ थांबले. "हिथं."
मी त्या टाइलवरून तीनदा रूळ फिरवला होता. काही लागलं नव्हतं. बारीक चीर देऊन पाहिलं, खाली गोंद खरंच सुटलेला. इंजेक्शनच्या सुईने आत नवा गोंद भरला, वर पाटा ठेवला.
टाचेने. हे कुठल्याच सूचनेत नाही.

१४ डिसें., रवि. दुपारी तीन.
आई आणि मामा बाराला आले. वॉकरचे पुढचे पाय उंबऱ्याच्या आत, आई बाहेर. खाली बघत राहिली.
"कोणी केलं हे?"
अण्णा म्हणाले, "हिनं. मी फकस्त पाणी मारलं."
मला हसू आवरलं नाही. आईला काही कळेना. "म्हंजी काय?" कोणीच सांगितलं नाही.
तिने सपाता काढल्या. आधी अंगठा टेकवला, मग चवडा. "गार नाय." मग टाच. अण्णांनी हात पुढे केला नाही, पाठीमागे धरून ठेवला. पलंगापर्यंत सात पावलं. मी मोजली. मधे एकदा थांबली, जिथे पहिल्या सोळा उचलल्या होत्या बरोबर तिथे. तिला ते माहीत नाही.
बसल्यावर म्हणाली, "बघते चार दिस." मामाला म्हणाली, "गाडी बंद कर, चहा घे."
चहा झाला, जेवणं झाली. आत अण्णा तिला दोऱ्या कशा मारल्या ते सांगताहेत. माझी मुलगी असं, माझी मुलगी तसं. मी बाहेर बसून हे लिहितेय.
तिची बॅग अजून डिकीतच आहे. काढा, असं ती म्हणाली नाही. आम्हीही विचारलेलं नाही.