पन्हळीखालची पाटी

नगर,
रविवार, २८ जानेवारी १९७३

प्रिय केशर,

सप्रेम नमस्कार. परवा शुक्रवारी, २६ तारखेला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तू संग्रहालयाच्या नव्या दालनाची फीत कापलीस आणि त्याच मिनिटाला शंभर माणसांसमोर खोटं बोललीस. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली. तुझी तब्येत बरी असेल. माझे गुडघे आहेत तसेच. नळाला एक दिवसाआड पाणी येतं. भाचा यशया दुष्काळी कामावर हजेऱ्या घेतो. झालं, खुशाली संपली.

प्रदर्शनाचं नाव ‘पाणी आणि सलोखा’. कल्पना चांगली होती. टँकरपाशी माणसं हमरीतुमरीवर येताहेत, अशा वेळी गावोगावच्या पाणवठ्यांच्या वस्तू मांडायच्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलावून आठवणी सांगायला लावायच्या. समितीची अध्यक्ष तू, म्हणून मला अभिमानही वाटला होता. आणि काचेच्या पेटीत काय? चार हात लांब, उभा चिरलेला बांबू. खाली पाटी: ‘वाटसरूंना पाणी देण्याची पन्हळ. पाटलांची विहीर. आमच्या गावचा पाहुणचार.’

पाहुणचार! केशर, पाहुण्याला पाणी तांब्याभांड्यातून देतात. चार हातांवरून ओततात ते विटाळ होऊ नये म्हणून. माझी आई तुमच्या विहिरीपाशी दोन-दोन तास बसायची, तुमच्यापैकी कुणाला दया येईपर्यंत. मग पन्हळीच्या टोकाशी घागर धरायची. तू भाषणात म्हणालीस, “आमच्या विहिरीवरून कुणी तहानलेलं परत गेलं नाही.” खरं आहे. उन्हात ताटकळून गेलं, एवढंच. आज तीस वर्षं आपण मैत्रिणी आहोत, तू माझ्या घरी चहा पितेस. त्याआधी एकाच गावात राहून नव्हतो, ते का, हे तुला ठाऊक नाही असं मला सांगू नकोस.

मी तुला बाजूला घेतलं तर म्हणालीस, “मार्था, झेंड्याचा दिवस आहे. कशाला उकरतेस गं जुनं?” जुनं उकरायचं नव्हतं तर संग्रहालय कशाला काढलंत? भज्यांचं दुकान काढायचं होतं.

तुमचा पाट्या लिहिणारा कारभारी मात्र शहाणा निघाला. त्यानं कागद-लेखणी माझ्यापुढं धरली. “बाई, मग तुम्हीच सांगा, काय लिहू?”

चाळीस वर्षं मी पोरींना निबंध शिकवले. मला एक ओळ सुचली नाही. डोकं दुखतंय म्हणून घरी आले. तू म्हणशील, संतापानं शब्द फुटले नसतील. दोन दिवस मीही तसंच समजत होते.

केशर, तो बांबू तुमचा नाही. आठवून बघ, तुमची पन्हळ पत्र्याची होती. वस्तू गोळा करणाऱ्यांनी बुजलेल्या विहिरीवर सापडलं ते उचललं, आणि विहीर म्हणजे पाटलांचीच असणार, असं तुम्ही सगळे धरून चाललात. ती विहीर आमची, ख्रिस्ती आळीची. तुमच्या दारची वाट बघून थकल्यावर माझ्या बाबांनी आणि आळीतल्या पुरुषांनी स्वतः खोदलेली. बांबूचं टोक फाकू नये म्हणून बाबांनी त्याला तारेचे सहा वेढे दिले होते. पेटीत ते अजून आहेत.

१९२६ चा उन्हाळा. मी चौदा वर्षांची, कॉन्व्हेंटमधून सुटीला आलेली, पायांत बूट. मांगवाड्यातली गोजरबाई पाण्याला यायची. पोटुशी होती. आई म्हणायची, “वरून घाल, शिवू देऊ नकोस.” आणि मी वरून घातलं. महिनाभर, रोज सकाळची प्रार्थना म्हणून झाल्यावर. गोजरबाई हसायची. “वत, मडम, वत. विंग्रजीत वतलंस तरी पानीच येतंय न्हवं?”

एक दिवस तिला चक्कर आली. तिनं आधारासाठी आमच्या कठड्यावर हात टेकला. मी तिला सावरलं नाही. बांबूच्या टोकानं तिचा हात बाजूला सारला.

त्यानंतर ती हसली नाही. पाणी मात्र न्यायला यावंच लागायचं.

हे मी फादरांपुढं पापनिवेदनातही कधी बोलले नाही.

कारभाऱ्याच्या टेबलावर ११ फेब्रुवारीला आठवणी सांगायला बोलावलेल्यांच्या मेळाव्याची यादी होती. तिच्यात गोजरबाईचं नाव आहे. ती जिवंत आहे, केशर. ती त्या पेटीपुढं उभी राहील आणि सोबतच्या नातीला विचारील, “काय लिवलंय गं?” नातीनं तिला ‘पाहुणचार’ असं वाचून दाखवायचं?

नवी पाटी लिहून सोबत पाठवते आहे: ‘ख्रिस्ती आळीच्या विहिरीवरची पन्हळ. पाटलांच्या विहिरीवर आम्हांला जसं वरून पाणी घालत, तसंच आम्ही मांगवाड्याला घातलं. पाणी घालणारी: मार्था उजागरे.’ तुझं नाव मी लिहिलेलं नाही. खाली एका ओळीची जागा सोडली आहे. ती भरायची की कोरी ठेवायची, हे तू ठरव.

पाटी लागली म्हणून माझी सुटका होत नाही, हे मला कळतं. गोजरबाईसमोर मला जावंच लागणार आहे. पण खोट्या पाटीखाली उभं राहून तिच्याशी बोलायला माझी जीभ रेटणार नाही.

गुरुवार, ८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत मला तुझं उत्तर हवं. तोंडी निरोप घेणार नाही. लेखी, आणि तुझ्या सहीनिशी.

तुला दोष देण्याचा अर्धाच हक्क असलेली,
मार्था