कोरड्या विहिरीचा रकाना

सर, तुम्ही जाऊन वीस वर्षं उलटली, तरी भांडायला मला अजून तुम्हीच लागता. काल एका विद्यार्थिनीनं विचारलं, मॅडम, पीएच.डी.ला किती वर्षं लागतात? मी म्हटलं, कुठल्या देशात? तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

आपल्याकडे तीन. नांदेडच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी तुम्ही टेबलावर तीन बोटं ठेवून ते सांगितलं होतंत. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, विहिरींचे जुने कागद अजून उस्मानाबादेतच पडून होते, आणि त्यात दुष्काळ. मला अहमदपूरकडच्या वीस विहिरींची पातळी दर महिन्याला मोजायची होती. तुम्ही स्वतःचा टेप दिलात, पहिल्या फेरीला माझ्याबरोबर एसटीनं आलात. तुमचं गाव तिकडचंच, कुठली विहीर कधी आटते ते तुम्हाला तोंडपाठ. पुढे मी एकटीच जाऊ लागले. एका गावात काठावर वाकून टेप सोडते आहे, तर मागून एक म्हातारी येऊन माझं मनगट धरते. "काय झालं ग माय? कुनी बोललं का तुला? असा जीव देऊ न्हाई." मी टेप दाखवते, वही दाखवते, ती मनगट सोडत नाही. घरी नेऊन तिनं मला भाकरी खाऊ घातली आणि एसटीत बसवूनच परतली. तरणी पोर दुसऱ्या कशासाठी विहिरीत डोकावेल, हे तिला पटेचना.

तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्या वहीत पानामागून पान एकच शब्द होता, कोरडी. तुम्ही वही माझ्यापुढे सरकवलीत. "कोरडी म्हंजे आकडा न्हाई. रकाना रिकामा दिसला की परीक्षक प्रबंध माघारी धाडतेत. अंदाजानं भर अन् मोकळी हो. तुझ्या वडलांनी तीनच वर्षं दिलीत, ठाऊक हाय ना?" ठाऊक होतं. चौथ्या वर्षी लग्न, हे घरात ठरलेलंच होतं. तरी मी म्हटलं, भरणार नाही. वही उचलली आणि तुमचा टेपही. नोंदणी गेली. लग्नाला मी उभी राहिले नाही, वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पश्चात्ताप तेव्हा झाला नाही, आजही होत नाही.

मग स्वीडन. तिथं कागदावर चार वर्षं, मला सहा लागली, आणि कुणी जाब विचारला नाही. शिकण्याचा पगार मिळायचा. गाईडबाईंना नुसत्या नावानं हाक मारायची, मला ते वर्षभर जमलं नाही. त्या म्हणायच्या, तुझं मत सांग. मी खाली मान घालून बसायचे, कारण गाईडसमोर मत सांगून काय होतं ते मी बघून आले होते. त्यांनी ती कोरडीची पानं उलटली आणि म्हणाल्या, हाच तुझा प्रबंध, अजून दोन उन्हाळे तिकडे जाऊन मोजून ये. तिथं परीक्षेच्या काही आठवडे आधी छापलेला प्रबंध खिळा मारून भिंतीला ठोकतात, ज्याला वाचायचाय त्यानं वाचावा, आणि मग भर सभेत उलटतपासणी. दोन तास मी उभी होते. माझा एकही आकडा कुणाला हलवता आला नाही.

तेव्हा सर, तुम्ही चुकलात. माझी काळजी होती म्हणून चुकलात, हे आता कळतं; पण चुकलातच. त्यातून मी एक शब्दही मागे घेणार नाही.

फक्त एक सांगायचं राहिलं. त्या म्हातारीच्या गावी पुढच्या महिन्यात मी गेलेच नाही. लाज वाटली. अहमदपूरच्या स्टँडवर बसून, मागचे दोन आकडे बघून, तिसरा लिहून टाकला. तुम्ही अंदाजानं भर म्हणालात तेव्हा मी एवढी भडकले, कारण एक मी आधीच भरला होता. तो भिंतीवरही गेला. सभेत कुणाला कळणं शक्य नव्हतं, ती विहीर त्यांनी पाहिलेलीच नव्हती. तुम्ही एका नजरेत धरला असता. त्या वर्षी तुम्ही पत्र लिहून प्रबंधाची प्रत मागितली होतीत. मी कळवलं, प्रती संपल्या. माझ्या कपाटात तेव्हा अकरा होत्या. हे पत्र आता त्यातल्याच एकीत ठेवते आहे.