आप्पांचा कोट

प्रिय शिवशंकर,

सहा वर्षांनी माझे अक्षर पाहून तू आधी त्यात चुका शोधशील. अवश्य शोध.

नांदेडच्या त्या रिसॉर्टमध्ये मी तुझा कार्यक्रम मध्येच बंद पाडला, ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पोहण्याच्या तलावाकाठी माणसे तंदुरी खात होती आणि तू त्यांना भूकंपानंतरचे किल्लारीतले आपले पत्र्याचे शेड सांगत होतास. मदतीच्या कपड्यांतून आप्पांच्या वाट्याला काळा कोट आणि लाल टाय आला, आणि धोतरावर ते चढवून आप्पा टँकरच्या रांगेत कसे उभे राहिले, ते तू चालून दाखवलेस. लोक पोट धरून हसत होते. मी उभी राहिले आणि सर्वांदेखत म्हणाले, "बापाची लाज विकून पोट भरतोस?" तू माईक खाली ठेवलास. त्यानंतर तो प्रसंग तू कुठेही केला नाहीस, आणि घराची पायरीही चढला नाहीस.

तुझे सारे कार्यक्रम मी मोबाईलवर पाहत आले आहे. उमरीच्या जत्रेत ऑर्केस्ट्राच्या दोन गाण्यांमधली जागा भरणारा तू, आता गोव्याच्या क्लबांत हिंदीतून बोलतोस. तुझे उच्चार सुधारले, विनोद बिघडले. बायको, सासू, जाड माणसे, हे कोणीही करील. पूर्वी तुझे हात बोलत. आता ते खिशात असतात.

आप्पा ऐंशीचे झाले, लातूरला माझ्याकडेच असतात. दिवाळीपासून त्यांना माणसे ओळखू येत नाहीत. मी त्यांना शाळा तपासायला आलेली बाई वाटते. घास तोंडात धरून बसतात. परवा वरणभात भरवताना काही केल्या गिळेनात, तेव्हा नाइलाजाने मी तो कोटाचा प्रसंग सांगू लागले. क्रमाने, नीट, काहीही न गाळता. त्यांनी हात वर करून मला थांबवले.

"तसं न्हाई, बाई. तुमाला न्हाई जमायचं. आमचा शिवा करतो बघा झ्याक. म्याच शिकवलंय त्येला."

आणि ते बोलत राहिले. "माय गेली तवापासून लेकरू दगडावानी बसायचं. एक सबद न्हाई. म्हून घातला कोट. लोक म्हनले, सटवाजी, सायेब झालास की! म्या म्हनलं, मंग सायबाची घागर आदी भरा. तवा लई हासलं बघा लेकरू." एवढे सांगून त्यांनी घास गिळला.

भूकंपात आई गेल्यावर तू बोलत नव्हतास, हे मला ठाऊक होते. कशाने बोलू लागलास, हे मी कधी विचारले नाही. आईचे दिवस झाल्यावर आप्पांनीच मला वसतिगृहात परत धाडले होते. एका शनिवारी बसमधून उतरताना मला रांगेतला तो कोट दिसला, हसणारी माणसे दिसली, आणि मी मान फिरवून शेडच्या मागून गेले. लोक आप्पांना हसत आहेत, असे मी ठरवून टाकले. प्रश्न न वाचता उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आयुष्यभर शून्य देत आले आहे.

माझे चुकले. हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिले. याहून चांगले होत नाही. पण पत्र त्यासाठी नाही. पुढच्या शुक्रवारी नांदेडला तुझा कार्यक्रम आहे, असे कळले. शनिवारी सकाळच्या बसने लातूरला ये. आप्पांजवळ आता एकच नाव उरले आहे, तुझे. तेही कधी निसटेल, डॉक्टर सांगू शकत नाहीत. ट्रंकेतून कोट काढून मी उन्हात टाकला आहे. टायची गाठ शेडमधल्या कोणा स्वयंसेवकाने बांधून दिली होती. आप्पांनी ती कधीच सोडली नाही, टाय डोक्यावरूनच घालत आणि काढत. गाठ वाकडी आहे. सरळ करायला माझा हात गेला होता, पण मागे घेतला. जशी आहे तशी तुझ्यासाठी ठेवली आहे.

तुझीच,
अंबिकाअक्का