चार मजल्यांचा सोफा

४ मार्च

लाडक्या बारकीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे माझे गुडघे सोडून बाकी सगळं ठीक आहे. पिल्लूचा खोकला कसा आहे? परवा फोनवर विचारलं तर तू नुसतं "हं" म्हणालीस. तुझ्या "हं"चे अर्थ मला लहानपणापासून पाठ आहेत, आणि हा त्यातला चांगला नव्हता. म्हणून पत्र लिहायला बसले. पत्रात तुला मध्येच "बरं, ठेवते" म्हणता येत नाही.

तुला कळलं असेलच, आपली इमारत विकायचं घाटतंय. आपली म्हणते, कारण तूही याच खोल्यांत वाढलीस आणि याच जिन्यावरून दोनदा गडगडलीस. पालिकेनं ती कामगारांसाठी बांधली तेव्हा आजूबाजूला गोदामं होती. आता चारही बाजूंनी काचेचे मनोरे उभे राहिलेत आणि मध्ये आम्ही, लग्नाच्या फोटोत चुकून घुसलेल्या माणसासारखे. पालिकेचं म्हणणं असं की एवढ्या महागड्या जागेवर स्वस्त भाड्याची घरं ठेवणं म्हणजे चैन आहे. ही एक इमारत विकली तर त्या पैशात शहराबाहेर तिप्पट घरं बांधता येतील. आम्हालाही तिकडेच हलवणार. महिनाअखेरीला सुनावणी आहे.

यांची झोप उडाली आहे. डेपोतून पहाटेची पहिली बस हेच काढतात. शहराबाहेर राहायला गेल्यावर त्या बसपर्यंत पोचायचं कशानं, तर बसनं, आणि ती बस काढायला हे हजर हवेत. हे सांगून ते स्वतःच हसतात. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेल्या माणसाला दुसरं काम कोण देणार? माझंही तेच. ऑपरेशनची हत्यारं धुवून निर्जंतुक करायला हॉस्पिटलचा कधीही फोन येतो आणि मी चालत पोचते म्हणूनच ती नोकरी टिकून आहे.

गेल्या आठवड्यात पाहणीला पालिकेची बाई येऊन गेली. आमच्या समितीनं ठरवलं की आपण गबाळे दिसता कामा नये, नाहीतर म्हणतील, यांना चांगल्या वस्तीत राहायची लायकीच नाही. जिने घासले. गळतीखालच्या बादल्या लपवल्या. ओल आलेल्या भिंतींपुढे कपाटं सरकवली. आणि सोफा! दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे एकच बरा सोफा आहे. पालिकेची बाई एका मजल्यावर चहा घेत असताना तोच सोफा मागच्या जिन्यानं वरच्या मजल्यावर चढत होता. शिंपीणबाईंनी चार खोळी शिवून ठेवल्या होत्या, म्हणजे दर मजल्यावर रंग वेगळा. चौथ्या मजल्यावर चढवताना यांची पाठ धरली, पण पालिकेच्या बाईला काही कळलं नाही. आम्ही खूप हसलो. किती दिवसांनी इमारत एकत्र हसली.

सुनावणीत आमच्या वतीनं मी बोलायचं ठरलंय. माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो म्हणे. रोज यंत्रांच्या घरघरीत ओरडून बोलायची सवय, दुसरं काय.

तुमच्या घराच्या अर्जाचं काय झालं? नंबर वर सरकला का? या सगळ्याबद्दल तुला काय वाटतं ते विचारणार होते. राहू दे. पिल्लूला गरम कपडे घाल.

तुझी
ताई

१९ मार्च

प्रिय बारके,

आशीर्वाद. तुझं उत्तर आलं नाही. कामात असशील. पाळणाघरातली दुसरी बाई अजून रजेवर आहे का?

आधी आमच्या शहाणपणाची फळं ऐक. पाहणीचा अहवाल आला. त्यात लिहिलंय की इमारत उत्तम स्थितीत आहे, तिला बाजारात मोठी किंमत येईल, आणि घरोघरी चांगलं फर्निचर असून रहिवाशांचं राहणीमान समाधानकारक आहे. थोडक्यात, यांना आता मदतीची गरज नाही. सोफ्यानं आम्हाला श्रीमंत करून टाकलं! शिंपीणबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. समितीच्या बैठकीत एकमेकांवर खापर फोडून झालं. कुणी म्हणे पुन्हा पाहणी मागा, कुणी म्हणे मग आपण खोटे पडू. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता तूच काय ते सांभाळ, ताई.

आता दुसरं. रविवारी फोन केला तेव्हा तू अंघोळीला गेली होतीस आणि तुझ्या नवऱ्यानं उचलला. भोळा आहे बिचारा. म्हणाला, "काय विचारू नका, दिवसभर आरशासमोर भाषण पाठ करतेय." मी म्हटलं, कसलं भाषण? मग तो एकदम दूध उतू गेल्याची बतावणी करायला लागला. पण मला कळायचं ते कळलं. घरासाठी अर्ज करून वर्षानुवर्षं थांबलेल्या लोकांच्या वतीनं सुनावणीत बोलणारी बाई तू आहेस.

मला का सांगितलं नाहीस म्हणून रागवायला बसले होते. मग आठवलं, तुझी वाट अडवायला उभी राहतेय ती मीच, आणि मीही तुला ते असं सांगितलं जसं काही शाळेच्या संमेलनात बोलायला चाललेय. तुझ्या अर्जाचं शेवटी दोन ओळींत विचारलं, आणि तेही पळ काढत.

तर आता सरळ लिहिते. इमारत विकली तर तुला घर मिळेल. तुमचा नंबर इतका वर आहे की पहिल्याच खेपेत मिळेल. कोरड्या भिंतींचं, खिडक्या उघडणारं. पिल्लूला श्वास घेता येईल. नाही विकली तर तुम्ही हमरस्त्याच्या कडेच्या त्या एका खोलीत अजून किती वर्षं काढाल कुणास ठाऊक. मागच्या वेळी तुझ्याकडे राहिले होते तेव्हा पिल्लूच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि तू पाठ चोळत म्हणत होतीस, काही नाही, होतं असं. मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग केलं.

तुझी बाजू खरी आहे, बारके. आमचीही खोटी नाही. गरिबांना सगळ्यांनाच गावाबाहेर काढायचं आणि सकाळी झाडायला, पुसायला, बस काढायला तेवढं आत बोलवायचं, हे मला मान्य नाही. एकाचं घर काढून तिघांना देणं याला उपकार म्हणायचं का, हेही मला विचारायचंय. पण हे सगळं मी तुझ्या तोंडावर कसं म्हणणार? यांना म्हटलं, माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला बोलू द्या. हे म्हणाले, "कारण काय सांगशील?" समितीला कळलं की पलीकडून माझी सख्खी बहीण बोलणार आहे, तर माझ्यावर कुणी विश्वास ठेवेल का?

आपण आधी भेटूया का? हॉस्पिटलच्या मागच्या बागेत ये. काही ठरवायला नको, नुसत्या बसू. तू ये म्हणालीस की मी येते. फोनवर "हं" म्हटलंस तरी चालेल.

तुझी
ताई

६ एप्रिल

प्रिय बारके,

तुझं "हं" काही आलं नाही, बागेतली भेट राहिलीच. निकाल तुलाही कळला असेल. इमारत विकणार नाहीत. दुरुस्ती करून आम्हालाच ठेवणार. तुमच्यासाठी "पर्यायी जागेचा शोध सुरू राहील" असं म्हटलंय. त्याचा अर्थ तुला मी सांगायला नको.

आज सकाळपासून खाली जिन्यात गर्दी आहे. लोक येऊन माझे हात धरतात. शिंपीणबाई रडल्या. हे तर दारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देतायत, जसं घरात लग्नच आहे. मी आतल्या खोलीत हे लिहितेय. मला आनंद झाला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. घर राहिलं म्हणून जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी तुझी खोली डोळ्यांसमोर आली.

तू फार चांगलं बोललीस. रडली नाहीस, कुणाला दोष दिला नाहीस. पावसाळ्यात कपडे खोलीतच वाळवावे लागतात आणि त्याच हवेत मुलगी झोपते, हे तू इतक्या साधेपणानं सांगितलंस की सुनावणीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. तू म्हणालीस, "त्यांनी जावं असं मी म्हणत नाही. आम्ही कुठे जावं ते सांगा."

माझं तू ऐकलंसच. भाषण तयार केलं होतं ते उभी राहिल्यावर पार विसरले. मग सोफ्याचीच गोष्ट सांगितली. बादल्या, कपाटं, चार खोळी, यांची पाठ, सगळं. म्हटलं, आम्ही लाजेपोटी खोटं बोललो, आता खरं काय ते येऊन बघा. लोक हसले, आणि मला वाटतं तिथेच पारडं फिरलं. पाहणीची बाईही हसली. तू मात्र हसली नाहीस. तू माझ्याकडे बघत होतीस, आणि का ते फक्त मला ठाऊक होतं.

कारण बोलायच्या आधी अध्यक्षबाईंनी नियमाप्रमाणे विचारलं होतं. पलीकडच्या अर्जदारांत तुमचं कुणी नातेवाईक आहे का? असेल तर आत्ताच सांगा, तुमच्या जागी दुसरं कुणी बोलेल. माझी पाळी पहिली होती. माझ्या मागे अख्खी इमारत बसली होती. आणि मी म्हणाले, "नाही."

खणखणीत आवाजात म्हणाले. मागच्या बाकापर्यंत गेला असेल.

मग तुला तोच प्रश्न विचारला. तू माझ्याकडे पाहिलंस. तुला खरं सांगता आलं असतं. मी खोटी पडले असते, माझं बोलणं बाद झालं असतं, आणि कदाचित आज तुझ्या हातात किल्ली असती. तू थांबलीस. मग हळूच म्हणालीस, "नाही." मला वाचवायला म्हणालीस, की तुलाही बोलायचं होतं म्हणून, की मी म्हटलं तेच खरं धरलंस? दिवसरात्र हेच डोक्यात फिरतंय. बाहेर तू माझ्या शेजारून निघून गेलीस तेव्हा तुझी ओढणी माझ्या हाताला लागली, आणि मला हाक मारता आली नाही.

आज दुपारी जिन्यात कुणीतरी तुझी नक्कल करायला लागलं. ती खोकल्यावाली बाई कशी नाटकी होती, पोरीचं भांडवल करत होती, वगैरे. माझ्या हातात पेला होता, तो मी खाली ठेवला आणि म्हटलं, "ती माझी सख्खी बहीण आहे. लेकीबद्दल तिनं एका शब्दानंही खोटं सांगितलं नाही. पलीकडे माझं कुणी नाही हे खोटं आधी मी सांगितलं."

मला वाटलं आता मला शिव्या बसतील. पण समितीतले एक काका जवळ आले आणि हलक्या आवाजात, अगदी मायेनं म्हणाले, "झालं ते झालं. पण ताई, हरकत घ्यायची मुदत अजून संपलेली नाही. हे बाहेर बोलू नका. आणि बहिणीला सांगा, इतक्यात इकडे फिरकू नको." शिंपीणबाईंनीही मान हलवली. मग एकेक करून सगळ्यांनी. चांगली माणसं आहेत ती, बारके. त्यांची मुलंबाळं आहेत, म्हातारी माणसं आहेत. पण आता अख्ख्या इमारतीचं छप्पर टिकायचं तर तू माझी कुणी नसायला हवंस.

त्यांना मी हो म्हणाले. आणि आत येऊन तुला हे लिहितेय.

तर ऐक. रविवारी ये. पिल्लूला घेऊन ये, दिवसाउजेडी, पुढच्या जिन्यानं. तिला इथे ठेवायची असेल तर ठेव, आमच्या खोलीत तरी ओल नाही. भांडायचं असेल तर भांड, सगळ्यांसमोर भांड. काय व्हायचं ते होवो असं म्हणायची माझी छाती नाही, आणि यांना अजून सांगितलेलं नाही. कदाचित तू येशील तेव्हा मी भीतीनं दारामागे उभी असेन. पण कडी लावलेली नसेल.

हे पत्र कुणाच्या हाती लागलं तर आमचं घर जाऊ शकतं. तरी फाड असं मी तुला सांगणार नाही. ठेवायचं की फाडायचं, की नेऊन अध्यक्षबाईंच्या टेबलावर ठेवायचं, ते तू ठरव. मी खाली सही करतेय, त्यांनी विचारलं होतं त्याचं खरं उत्तर म्हणून.

तुझी सख्खी बहीण,
ताई